पावती खालच्या गावाची

आम्ही शिरोली एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या काही जणी फौंड्रीत कोअर शॉपला आहेत, दोघी मिळून कँटीन चालवतात, एक शिलाई करते, एकीचा हायवेच्या कडेला चहाचा गाडा आहे. मागच्या वेळी याच कार्यक्रमात आम्ही नाचणीच्या पापडांबद्दल बोललो होतो. बऱ्याच जणींनी फोन करून कृती विचारली, त्यांचे आभार. आज पापड नाहीत. आज सत्काराची गोष्ट आहे. खरं सांगायचं तर सत्कार कुणाचा करायचा यावरून आमच्या गटात दोन महिने जे वाजलं, त्याची गोष्ट.

२२ मार्च हा जागतिक जल दिन. १९९३ पासून तो जगभर पाळतात. गटाच्या शिल्लकीतून आम्ही वर्षाला एक कार्यक्रम करतो, तो यंदा या दिवशी करायचा आणि नदीसाठी ज्यानं काही चांगलं केलं असेल त्याचा सत्कार करायचा, असं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठरलं. शाल, श्रीफळ, फेटा आणि एक ट्रॉफी. ट्रॉफी तर आमच्या उत्साही खजिनदार वहिनींनी दुसऱ्याच दिवशी आणून कपाटात ठेवली. नाव तेवढं कोरायचं राहिलं होतं.

पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, पुरात बोटी घेऊन आलेली पोरं. त्यात चूक काहीच नाही. २०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. ट्रकांच्या रांगा लागल्या. आमच्या गाड्यावाल्या मैत्रिणीनं होतं नव्हतं तेवढं दूध संपेपर्यंत ड्रायव्हर लोकांना चहा दिला आणि मग कोरा चहा दिला. कोल्हापुरात पेट्रोल नाही, भाजी नाही. फौंड्रीत कामगारच पोचेनात, तर भट्टी कुणासाठी पेटवायची? हातावर पोट असणाऱ्यांचा तो पगार गेला तो गेलाच. अशा वेळी लष्कर आलं, नौदल आलं, एनडीआरएफ आलं, आपल्या कोल्हापूरची व्हाइट आर्मी होती, आणि गावोगावची साधी पोरं होती, जी स्वतःची होडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन निघाली होती. राखीपौर्णिमा त्या वर्षी १५ ऑगस्टला होती. जवानांच्या हाताला राख्या बांधणाऱ्या बायकांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पुढे २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही हेच सगळं पुन्हा झालं.

मग सत्कार त्या पोरांचा, असं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात आमच्या आक्कांनी, त्या सत्तरीच्या आहेत आणि बैठकीत बहुतेक वेळ तांदूळ निवडत असतात, विचारलं, "हे बुडणाऱ्याला काढणाऱ्याचं झालं. बुडूच नये म्हणून कोण राबतं?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. आम्ही गंमत म्हणून नावं घेऊ लागलो. पूररेषा असते, निळी आणि लाल. साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी, १०० वर्षांत एकदा येणारा जिथवर पोचेल ती लाल. आता निळ्या रेषेच्या आत ज्याची जागा होती आणि बिल्डर दारात उभा असूनही ज्यानं ती विकली नाही, त्याचा सत्कार करायचा तर करायचा कसा? त्यानं काही केलंच नाही. फोटो कशाचा काढणार, रिकाम्या शेताचा? ज्या ओढ्यावर कुणी भिंत घातली नाही त्या ओढ्याचा? २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती, तिचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यातही नदीपात्रातल्या अतिक्रमणांचा विषय आहेच. आमच्याकडे हायवेचा भराव पाणी अडवतो, तिथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा, ही मागणीही जुनी आहे. पण जी अडचण कुणी उभीच केली नाही तिच्यासाठी फेटा बांधायची पद्धत अजून निघालेली नाही.

दुसऱ्या बैठकीच्या आधी एका भाऊंचा निरोप आला. मांडव, साउंड आणि उपवासाची खिचडी त्यांच्याकडून. फक्त सत्कारमूर्तींमध्ये त्यांचं नाव असावं. नदीसाठी त्यांनी काय केलं, असं निरोप आणणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ दरवर्षी नदीची आरती करतात." आम्ही नम्रपणे कळवलं की खिचडी आम्ही घरीच करू.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही बोलायला थोडी जड आहे, कारण ती आमच्याच भिंतीवरची आहे.

आमच्या गटाला स्वतःलाच दोन वर्षांपूर्वी नदीच्या कामासाठी प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे. गणपतीत आम्ही वस्तीतलं निर्माल्य गोळा करतो. मूर्ती नदीत न सोडता काहिलीत विसर्जन करायची पद्धत आपल्या जिल्ह्यात आता रुजली आहे. गुळाच्या काहिलीत गणपती, हे पहिल्यांदा ऐकून बाहेरगावची माणसं हसतात, पण आपल्या बायकांना त्याचं काही वाटत नाही. तर त्या वर्षी आम्ही निर्माल्याची २७ पोती भरली आणि त्याचं खत केलं. एका समारंभात आम्हाला स्टेजवर बोलावलं, हार घातला, फ्रेम केलेला कागद दिला. तो आमच्या बैठकीच्या खोलीत, लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलाय.

दुसऱ्या बैठकीला आमच्या एका वहिनींची नणंद आली होती. तिला शिरोळ तालुक्यात दिलंय, नदीकाठचं गाव. ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती आणि मध्येच उठून त्या फ्रेमपाशी गेली. तारीख वाचली. मग म्हणाली, "वहिनी, या तारखेच्या मागच्यापुढच्या आठवड्यात आमच्या बंधाऱ्याशी मासे मरून पडले होते. वासानं दार उघडवत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, वरच्यांनी पाठवलं."

खोलीत कुणी काही बोलेना. आमच्यातलीच एक फणकाऱ्यानं म्हणाली, "ते इचलकरंजीचं पाणी असेल, नाहीतर कुठल्या कारखान्याची मळी असेल. आमचा काय संबंध?" नणंद शांतपणे म्हणाली, "असेल. मला कुठं ठाऊक आहे? पण तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?"

मैत्रिणींनो, पंचगंगेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीला संगम. मग कोल्हापूर शहर. मग कसबा बावडा, मग आमची शिरोली, वळिवडे, पुढे रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ आणि नृसिंहवाडीला कृष्णा. पावसाळ्यात बातम्यांमध्ये जी माळ लागते, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली, तीच ही माळ. या माळेत प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली आहे आणि कुणाच्या तरी वर. आम्ही कोल्हापूर शहराला नावं ठेवतो, की त्यांचं सांडपाणी आमच्या वाट्याला येतं. इचलकरंजीची माणसं आम्हाला ठेवत असतील. शिरोळची इचलकरंजीला ठेवतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. घाण आली की ती वरून आलेली असते. पुरस्कार मात्र प्रत्येक गावात त्याच गावाची माणसं त्याच गावाला देतात.

मासे का मरतात, हेही आम्हाला नीट माहीत नव्हतं. आमच्या एकीची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिनं सांगितलं. पाण्यात घाण पडली, मग ती मळी असो, सांडपाणी असो की आमच्यासारख्या बायकांनी ओतलेला शिळा भात असो, की तिला खाणारे जंतू वाढतात आणि ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. माशाला श्वासच उरत नाही. घाण जितकी जास्त तितका जंतूंना लागणारा ऑक्सिजन जास्त, त्या मापाला बीओडी म्हणतात. उन्हाळ्यात नदीत पाणी थोडं, बंधाऱ्यात साठून राहिलेलं, त्यामुळे तेवढीच घाण जास्त घात करते, वर जलपर्णीची गोधडी पसरते. म्हणजे पाणी दिसायला बरं असलं तरी ते माशाला पुरेल असं नाही. आणि २७ पोती निर्माल्य वाचवलं म्हणून आमच्या मोरीचं पाणी स्वच्छ झालं, असंही नाही.

त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाला ट्रॉफी द्यायला निघालोय ते आपल्यालाच कळलेलं नाही.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, वस्तीमागच्या ओढ्याच्या कडेनं चालत गेलो, नदीपर्यंत. दोन, राजाराम बंधाऱ्यावर गेलो.

ओढ्याचं आधी सांगतो. पहिल्या वळणावरच आमच्या कँटीनवाल्या दोघींची मान खाली गेली, कारण तेलकट, पांढरट पाण्याची जी धार ओढ्याला मिळत होती ती त्यांच्याच भांडी घासायच्या मोरीची होती. पुढे एका कारखान्याच्या मागे जळक्या वाळूचा ढीग होता, साच्यातून निघालेल्या. काळी, भुगा झालेली. पाऊस आला की ती सरळ ओढ्यात. आता ती वाळू आम्ही ओळखतो. तिच्यातच आमचे दिवस जातात, कोअर करून करून आमच्या नखांत तीच असते. त्या कारखान्याचं नाव इथे घेणार नाही. आमच्यातल्या तिघींचे पगार तिथून येतात आणि एकीचा नवरा तिथे फेटलिंगला आहे. त्या मैत्रिणीनं तिथेच सांगितलं, "मला यात घेऊ नका. तुम्ही अर्ज करणार, आणि उद्या गेटवर यांना कुणी विचारलं तर काय सांगू?" आम्ही तिला घेतलं नाही. तिच्यावर रागावलोही नाही. नदीचं कौतुक करणं सोपं असतं, कारण त्यानं कुणाचा पगार थांबत नाही.

अर्ज न करता आम्ही चौघी जाऊन तिथल्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, उचलतो. निम्मा ढीग उचलला गेलाय. निम्मा अजून आहे. पावसाच्या आत उरलेला जातो का ते पाहायचं. कँटीनचं मात्र झालं. मोरीला जोडून विटांची छोटी टाकी बांधली, तेल वर तरंगतं ते वरच्या वर काढायचं आणि खालचं पाणी पुढे सोडायचं. गवंड्याचे पैसे गटानं कर्जाऊ दिले. नदीच्या हिशेबात हे काम फार लहान आहे, पण मोरी आमची होती.

आता बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव आपल्या जिल्ह्यानं देशाला दिलंय. महाराष्ट्रात कुठेही जा, साहेबाच्या फायलीत के. टी. वेअर म्हणून तोच असतो. आम्हाला नावाचा अभिमान होता, पण तो चालतो कसा ते नीट पाहिलं नव्हतं. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांमध्ये बरगे घालायचे, म्हणजे फळ्या, जुन्या ठिकाणी लाकडी, कुठे लोखंडी. बरग्यांच्या दोन ओळी आणि मधे माती. पाणी अडतं, काठचं शेत भिजतं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बरगे काढायचे, नदी मोकळी. धरणासारखं पाणी कायमचं अडवायचं नाही, गाळही मागे साचत राहत नाही, पुराला वाट मिळते. याच्या वरच्या अंगाला भोगावतीवर राधानगरी, ८ टीएमसीच्या वर पाणी. शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात ते काम काढलं, दुष्काळ पाहिलेला राजा होता तो. १९२२ साली महाराज गेले तेव्हा धरण अर्धवट होतं, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. लाडक्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून राधानगरी हे नाव. पंचगंगेला उन्हाळ्यात जे काही पाणी दिसतं त्यातलं बरंचसं तिथून सोडलेलं. ज्यानं पाया घातला त्याला भरलेलं धरण काही पाहायला मिळालं नाही.

आम्ही गेलो तेव्हा तीन माणसं एका गळक्या खाचेत माती आणि पाला दाबत होती. कमरेइतक्या पाण्यात. आम्ही सांगितलं, "मामा, आम्ही शिरोलीहून आलोय, तुमचा सत्कार करायचा विचार आहे." त्यातले वयानं मोठे होते ते हसले. म्हणाले, "शाल पांघरून पाण्यात उतरता येतंय होय, वहिनी?"

मग काठावर बसून त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला कुठल्याही भाषणात ऐकायला मिळालं नव्हतं. म्हणाले, बरगं घालणं सोपं. अवघड काय, तर काढायचा दिवस ठरवणं. वरच्या बाजूच्या शेतकऱ्याला वाटतं, पाऊस खरोखर येईपर्यंत पाणी राहू दे, ऊस वाळतोय. हुकूम येईपर्यंत तो काठावर येऊन उभा असतो. लवकर काढलं आणि पाऊस लांबला, तर शिव्या. उशीर केला आणि एका रात्रीत पाणी आलं, तर बरगं खाचेत असं अडकतं की हलत नाही, वरून ओंडके, झुडपं, प्लॅस्टिक येऊन थटतं, पाणी काठ सोडून शेतात शिरतं, आणि मग खालच्याच्या शिव्या. "बेताच्या दिवशी निघालं तर?" आम्ही विचारलं. "तर काय नाही. तर कुणाला कळतसुद्धा नाही."

आक्का आमच्यासोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाच तो."

तुम्हाला काय हवं, असं विचारलं तर मामांनी आधी नको नको केलं. मग धाकटा बोलला. चांगल्या दोन बॅटऱ्या, रात्री पाणी वाढतं तेव्हा. तिघांना अंगात घालायची तरंगणारी जॅकेटं. रबरी हातमोजे, पण मापाचे. आम्ही ते आमच्या वहीत लिहून घेतलं.

घरी येताना रिक्षात पुन्हा वाद. गटातल्या शिकलेल्या एकीचं म्हणणं, मोठे पुरस्कार असतात ते काय उगीच असतात का? उगीच नसतात, हे आम्हीही मान्य केलं. केंद्र सरकार २०१८ पासून राष्ट्रीय जल पुरस्कार देतं, त्यात राज्य, जिल्हा, ग्रामपंचायत, शाळा, उद्योग, पाणी वापर संस्था असे वेगवेगळे वर्ग आहेत, आणि २०२४ सालच्या सहाव्या पुरस्कारांत राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र पहिला आला. चांगलंच आहे. पाण्याचा जगातला मोठा मान म्हणजे स्टॉकहोमचा जल पुरस्कार, तो १९९३ साली आपल्या माधवराव चितळ्यांना मिळाला आणि २०१५ साली राजस्थानच्या राजेंद्रसिंहांना. चितळे पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, पुढे महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे अध्यक्ष. त्या आयोगानं पाण्याचा विचार जिल्ह्याच्या सीमेनं नाही, नदीच्या खोऱ्यानं आणि उपखोऱ्यानं केला. आम्हाला तेवढ्यातच आमची वाट सापडली असं म्हणायला हरकत नाही. नदी ग्रामपंचायतीची हद्द पाहून वाहत नाही, तर तिच्या कामाचा निकाल तरी एका हद्दीत कसा लागेल?

बारावीवाल्या मुलीनं आम्हाला ऱ्हाइन नदीची गोष्ट वाचून दाखवली. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती एका एमआयडीसीसारख्याच ठिकाणची आहे. ऱ्हाइन स्वित्झर्लंडातून निघते, जर्मनी-फ्रान्सच्या कडेनं वाहते आणि हॉलंडमध्ये समुद्राला मिळते. म्हणजे हॉलंड त्यांचं शिरोळ. वरच्या देशांचे कारखाने, कोळशाच्या खाणी, शहरं, सगळ्यांचं शेवटी हॉलंडच्या नळाला. म्हणून खालच्या हॉलंडनंच लावून धरलं आणि १९५० साली या सगळ्या देशांचा मिळून ऱ्हाइनसाठी आयोग झाला. बरीच वर्षं नुसत्या बैठका. मग १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझेल गावाजवळ एका रासायनिक गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी गोदामातली कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली, खालच्या बाजूला वाम माशांचा खच पडला, पाणीपुरवठ्याचे पंप बंद करावे लागले. आग विझली होती, विझवणाऱ्यांनी जीव धोक्यात घातला होता, त्यांचा सत्कारही झाला असेल. पण खालच्यांनी विचारलं, ते पाणी गेलं कुठं? पुढच्याच वर्षी सगळ्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला. त्यात खूण कोणती ठेवली, तर २००० सालापर्यंत नदीत सामन मासा परत दिसला पाहिजे. आणि तो दिसला. या कामाला आंतरराष्ट्रीय नदी पुरस्कार मिळाला २०१४ मध्ये. म्हणजे आगीनंतर २८ वर्षांनी.

आमच्या खजिनदार वहिनी म्हणाल्या, "२८ वर्षं ट्रॉफी कपाटात ठेवायची म्हणजे पितळ काळं पडेल." पडू दे म्हटलं. चिंच-मिठानं घासता येते.

तर ठरलं ते असं. या वर्षी ट्रॉफीवर कुणाचंही नाव कोरायचं नाही. बंधाऱ्यावरच्या तिघांना जॅकेटं, बॅटऱ्या आणि हातमोजे द्यायचे. मांडवात नाही, बंधाऱ्यावर जाऊन, आणि फेटा बांधायचा झाला तर काम उरकल्यावर. बोटवाल्या पोरांना जेवायला बोलवायचं आणि त्यांच्याकडून एक शिकून घ्यायचं, तरंगणारं जॅकेट घालायचं कसं आणि बोटीत किती माणसं बसवायची. २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात गेलेल्यांमध्ये आपल्यासारख्या बायका होत्या, लेकरं होती. हे शिकणं शालीपेक्षा आधी.

आणि नदीचं काम कुणी चांगलं केलं हे आम्ही ठरवायचं नाही. ते खालच्या गावानं ठरवायचं. आमच्या कामाला मार्क शिरोळच्या बायकांनी द्यायचे, शिये-बावड्याच्या कामाला आम्ही द्यायचे, आणि प्रयाग चिखलीच्या बायकांनी वरच्या गावांना. यावर आमच्यातल्या दोघी अजून नाराज आहेत. त्या म्हणतात, खालचा कधी वरच्याला चांगलं म्हणेल का? कदाचित नाही म्हणणार. पण ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी ते खरं असेल, असं बाकीच्यांना वाटतं.

भिंतीवरचं प्रशस्तिपत्र आम्ही काढायला निघालो होतो. नणंदेनंच थांबवलं. म्हणाली, "असू दे की. मेहनत केलीच होती तुम्ही. खाली सहीला जागा आहे, तेवढी माझ्यासाठी ठेवा." तिनं आम्हाला काम दिलंय. तिच्या गावच्या बंधाऱ्याशी पाण्याला वास कधी येतो, मासे कधी वर येतात, ती तारीख ती आम्हाला कळवणार. त्याच तारखेला आमच्या ओढ्यात काय वाहत होतं, ते आम्ही वहीत लिहून ठेवणार. वहीला एक महिना झाला. चार पानं भरलीत. एका पानावर जळक्या वाळूच्या ढिगाची उंची आहे, हातानं मोजलेली.

तर मैत्रिणींनो, २२ मार्चला सकाळी साडेनऊला आमच्या बैठकीच्या खोलीत या. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत ज्या ज्या गावची बाई येईल तिनं आपल्या गावच्या घाटावरचं किंवा बंधाऱ्याशेजारचं पाणी एका बाटलीत आणायचं. बाटली काचेची हवी, लोणच्याची चालेल, पण घासून आणा, तेलाचा वास राहू देऊ नका. पाणी त्याच दिवशी पहाटे भरा. काठावरूनच भरा, आत उतरू नका. बाटलीला चिठ्ठी चिकटवा, तिच्यावर गावाचं नाव, वेळ, आणि त्या वेळी नदीला काय वास येत होता ते लिहा. सगळ्या बाटल्या वरपासून खालपर्यंत ओळीनं खिडकीत मांडायच्या आहेत. बारावीवाली मुलगी तिच्या कॉलेजातून पाण्यातला ऑक्सिजन तपासायचं साहित्य मिळतं का ते बघते आहे. खिचडी आम्ही करणार आहोत. पिण्याचं पाणी मात्र प्रत्येकीनं आपापलं आणा.